कॉलरवालीचं हसू

शर्टांच्या त्या कारखान्यात कॉलर शिवणारीइतकं मोकळं कुणी हसत नसे. तिसऱ्या बाळंतपणानंतर मात्र तिला हसायची चोरी झाली. हसली, खोकली, कापडाचा गठ्ठा उचलला, की लघवी सुटायची. बायकांना हे कळलं आणि त्यांना आयतंच खेळणं मिळालं. जेवणाच्या सुट्टीत काजं करणारी मुद्दाम कारखान्याच्या कटिंग मास्तरांची नक्कल करायची. कॉलरवाली तोंड दाबून, "अगं बायांनो, पुरे, पाया पडते!" म्हणत उठून पळायची. मागे तिची खुर्ची बघून सगळ्यांची हसून पुरेवाट व्हायची. एकाही मेलीला लाज वाटायची नाही.

शेवटी तिनं ऑपरेशन करून घेतलं. मूत्रनळीखाली जाळीची बारीक पट्टी बसवायची होती. तेवढीच जागा बधिर केलेली, बाकी ती जागी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खोका आता. जोरात! इथं कसली लाज?" ती खोकली. बाईंनी पट्टी सारखी केली, पुन्हा खोकायला लावलं. "झालं. आता खुशाल हसा."

ती कामावर परतली. काजवालीनं लगेच नक्कल केली. कॉलरवाली पोट धरधरून हसली आणि जागची हलली नाही. बायका वाट बघत राहिल्या. खुर्ची कोरडी. दुसऱ्या दिवशी नक्कल झाली नाही, पुढेही नाही. डबे घेऊन सगळ्या इस्त्रीच्या टेबलाकडे सरकल्या, हिला कुणी हाकही मारली नाही. बरी झाली आणि एकटी पडली.

"कोरडी झालीस ना? मग आता डोळे कशाला गळतात?" नवरा म्हणाला.

पुढे बटणं लावायला एक नवी आली, तान्हं मूल सासूकडे ठेवून. एकदा तिनं हिला संडासाच्या दाराशी गाठलं.

"ताई, तुमचं बरं झालं म्हणे. डॉक्टर कोण हो? मला साधी शिंकसुद्धा सोसत नाही. कुणाला सांगू नका, तुमच्या पाया पडते."

"वेडी का गं? मी कशाला सांगते! डॉक्टरचं नाव उद्या देते."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. हिला सगळं कळत होतं. ती तडक इस्त्रीच्या टेबलापाशी गेली आणि चारचौघींत म्हणाली, "अगं, त्या नवीला जरा हसवून बघा."

बायका सरकल्या. तिला बसायला जागा झाली.