नातीचं फ्रेंच आणि पगाराचा दिवस

साल दोन हजार तेवीस, माझं वय अठ्ठ्याहत्तर. शाळा चौथीपर्यंत. त्या वयात मी फ्रेंच शिकलो, आणि यात हसण्यासारखं काही नाही.

नातीची मिहान या उद्योग-वसाहतीतल्या एका कंपनीसाठी फोनवर परीक्षा होती. फ्रान्सच्या लोकांना आपला पैसा कसा सांभाळायचा ते फोनवर सांगायचं, असं काम. एकदा ती नापास झाली होती. "तुमचं ऐकून कोणी पैसा वाचवणार नाही," असं तिला सांगितलं होतं. आता शेवटचा मोका, तोही उद्या सकाळीच.

ती घरभर फिरत घोकत होती. "एपार्न्ये शाक म्वा."

"म्हणजे काय वं?"

"दर महिन्याले पैसे बाजूला टाका."

"अन् मंग?"

"न देपाँसे पा तू. सगळे उडवू नका."

"मंग अशी रडत काहून सांगून राहिली? उधार मागून राहिली का त्याइले?"

"आबाजी, अनोळखी मोठ्या माणसाले हुकूम कसा द्यायचा?"

"तुही आजी देत होती ना. मले!"

मी गिरणीत होतो तेव्हाची गोष्ट. पगाराच्या दिवशी सुट्टीचा भोंगा झाला की गेटबाहेर बायका उभ्या असत. दारूच्या दुकानाआधी नवऱ्याला गाठायचं, हा रिवाजच होता. मी थेंबाला शिवत नव्हतो, तरी माझी बायको यायची. मला लई राग यायचा. सोबतचे हसायचे. पण ती ओरडायची नाही, विनवायचीही नाही. हात पुढे करून म्हणायची, "आना इकडं." बस. पाकीट तिच्या हातात जायचं. मग दोघं पायी घरी. वाटेत कढईतून निघालेला आलूबोंडा ती आधी मला द्यायची. ती गेली, गिरणीही गेली. तसा आलूबोंडा पुन्हा लागला नाही.

नातीला म्हटलं, "मले शिकव ते." ती हसून लोटपोट. माझी जीभ वळेना. पण मीही सोडणारा नाही. जेवण थंड झालं, तेव्हा कुठं "न देपाँसे पा तू" नीट निघालं. ते मी तिच्या आजीसारखं म्हणून दाखवलं, हात पुढे करून.

"आता मी फ्रान्सचा म्हातारा. सांग मले."

तिनं सांगितलं. मी म्हटलं, "नाही ऐकत." पुन्हा सांगितलं. "नाही ऐकत, जा." शेवटी ती थांबली, आणि माझ्याकडे बघत, आवाज न चढवता तेच वाक्य म्हणाली. माझा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दार लावून घेतलं. मी बाहेर खुर्ची टाकून बसलो. आतून तिचा आवाज येत होता, आणि तो रडका नव्हता. तेवढ्यात भंगारवाला लाउडस्पीकर लावून गल्लीत शिरला. मी उठलो, त्याला तो बंद करायला लावला, आणि त्याच्यासोबत त्याचा ठेला ढकलत गल्लीच्या पार टोकाला नेऊन सोडला.