लेफ्टनंटचा कळस

नीलकंठरावांना मोडकी वस्तू बघवत नाही. रेल्वेच्या पूल विभागात हयात गेलेली. निवृत्त झाले तरी हात शिवशिवतात. चौबे कॉलोनीतल्या सगळ्यांच्या भिंतींची डागडुजी करून झाली, शेजारी टाळू लागले, तेव्हा इंदूबाईंनीच नवऱ्याला गोऱ्या पलटणीच्या जुन्या कब्रस्तानाची वाट दाखवली. "जा तिकडं. तिथं कोणी नाही म्हणणार नाही!"

खरंच कोणी 'नाही' म्हटलं नाही. छावणी कधीच उठलेली. मागे राहिले पटकीच्या साथीत गेलेले शिपाई, पलटणीचा एक बिगुलवाला आणि झुडपं. नीलकंठरावांनी रान साफ केलं, कलंडलेले क्रूस उभे केले, नावं घासून वाचण्याजोगी केली. कब्रस्तानाच्या देखभाल समितीनं खूश होऊन फाटकाची किल्लीच त्यांच्या हवाली केली. ती ते जानव्याला बांधून मिरवायचे.

एकच गोष्ट त्यांना खुपे. बावीस वर्षांच्या एका लेफ्टनंटच्या थडग्यावरचा खांब मधोमध मोडलेला. भंगलेलं असं ठेवतात का? त्यांनी साचा करून सिमेंटचा वरचा भाग ओतला, नीट बसवला आणि गोल बाजारातून आणलेला पितळी कळस चढवला. लेफ्टनंटसाहेबांचं अगदी देऊळ झालं!

समितीच्या गंधालीताई, इतिहासाच्या प्राध्यापिका, पाहायला आल्या आणि मटकन खालीच बसल्या.

"अहो काका, तो टूटा हुआ नव्हता! तसाच घडवलेला. तरुणपणीच गेला, आयुष्य अर्धवट राहिलं, म्हणून खांबही अर्धा."

नीलकंठरावांचा हात जानव्याकडे गेला. आता किल्ली जाणार, या धास्तीनं त्यांनी ती मुठीत घट्ट धरली.

"मले काय माहीत, ताई? मी तर पोट्ट्याचं पुरं करून देऊन राहिलो होतो."

गंधालीताई हसत उठल्या आणि त्यांनी खांबावरून हळूच हात फिरवला. "किल्ली राहू द्या. पण हे काढावं लागेल. तुम्हीच काढा, हळू."

छिन्नी धरली आणि नीलकंठरावांना रडू फुटलं. मेहनत वाया गेल्याचं दुःख नव्हतं. त्या पोराला आपल्याच हातानं पुन्हा अर्धं करायचं, हे सोसवेना.

संध्याकाळी तो तुकडा कळसासकट स्कूटरवरून घरी आला. इंदूबाई कमरेवर हात ठेवून दारात.

"हे काहून उचलून आणलं जी?"

"लेफ्टनंटचं उरलेलं आयुष्य आहे. कुठं फेकू?"

इंदूबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग कुंड्या सरकवून तुळशीजवळ जागा केली आणि कळसावरची धूळ पदरानं पुसली.

"ठेवा इथं," त्या म्हणाल्या. "म्हातारा होईस्तोवर राहू द्या त्याले."