उशिरा दिलेला मान

शिरपूर-धुळे गाडीत रोज एक नाना माझ्या शेजारी बसत. नाव मी कधी विचारलं नाही. उतरायच्या दोन थांबे आधीच त्यांची उठण्याची तयारी सुरू व्हायची. आधी टाचा वर-खाली, मग बाटलीतलं मिठाचं पाणी, मग मांड्या आवळून समोरचा दांडा धरायचा. एवढं झालं की उठायचं.

शेवटी मी विचारलंच.

“साखरमुये नसा खराब व्हयी गयात,” ते म्हणाले. “झटकन उठनू का रगत पायमाच ऱ्हास, नि मी खाले.”

मधुमेहामुळे असा उठताच रक्तदाब उतरून दोनदा पडून झालं होतं. टप्प्याटप्प्यानं उठा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मुलीच्या साखरपुड्यात व्याही दारात आले, तेव्हा अख्खा मांडव उभा राहिला आणि मुलीचा बाप तेवढा बसलेला. तेव्हापासून व्याही बोलत नाहीत. नसांचं कारण सांगून पाहिलं, तर म्हणाले, सोयऱ्यासाठी उठायला डॉक्टरची चिठ्ठी लागते का?

“मी मान देस भाऊ,” नाना म्हणाले. “फक्त उशिरा देस.”

एका सकाळी नरडाण्याला पांढऱ्या टोपीचे एक गृहस्थ गाडीत चढले.

“व्याही,” नाना पुटपुटले आणि टाचा हलवू लागले.

गृहस्थांनी बसलेल्या नानांकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या बाकावर पाठ करून बसले. नानांनी एकही टप्पा गाळला नाही. पाणी प्यायले, मांड्या आवळल्या, उठले. मग चालत्या गाडीत दांडा सोडून त्यांनी व्याह्यांच्या पाठीला दोन्ही हातांनी नमस्कार केला, आणि खाली बसले.