नवसाचा उरलेला गूळ

त्या जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, मी दर्ग्यात गेले ती श्रद्धेनं नव्हे. भावजयीला, नसीमला, आणि तिच्या लेकीला, सनाला, स्कूटीवर सोडायचं होतं, एवढंच. स्कूटीच्या पायदानावर मुलांच्या वजनाचं मशीन ठेवलेलं होतं. संध्याकाळी ते तालुक्याला परत करायचं होतं. ते परत केलं की आमची वस्ती अभ्यासातून बाद होणार होती, आणि त्या दिवशी माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

अल्पसंख्याक मुलांच्या आरोग्यातली तफावत कमी करण्यासाठीचा हा अभ्यास. नाव मोठं होतं, प्रश्न साधा होता. एकाच गावात, एकाच पाण्यावर वाढत असताना आमच्या वस्तीतली मुलं वरचेवर आजारी का पडतात, वजनाला कमी का भरतात, आणि काय केलं म्हणजे ते थांबेल? ज्या वस्तीत मुलांची वजनं होतील तिथं पुढं दर महिन्याला डॉक्टरांचं पथक येणार होतं. आमची वस्ती जळकोटच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून आहे. पुरुष गॅरेजवर, सेंट्रिंगवर, फळांच्या गाड्यावर असतात. बाया दुसऱ्यांच्या रानात जातात. पेपरातली नोकरी सुटल्यावर मी या अभ्यासाच्या कामावर लागले, ते माहेरची वस्ती यादीत होती म्हणून. आणि नेमकी तीच वस्ती एकही मूल मशीनवर ठेवू देत नव्हती.

सुरुवात माझ्याच घरातून झाली होती. नसीमचा पहिला मुलगा चांगला गुटगुटीत होता. कुणीतरी त्याचं वजन केलं, आकडा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला, कौतुक केलं. पुढच्याच आठवड्यात तो तापानं गेला. वजनाचा आणि तापाचा संबंध नाही हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि सनाला पदराखाली ओढायची. मोजलेल्या लेकराला नजर लागते, हे तिचं म्हणणं मग अख्ख्या वस्तीचं झालं. अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरबाई पुण्याहून येत. त्या भल्या होत्या, पण त्यांनाही मुदत होती. त्यांनी आमच्या नावापुढं ‘प्रतिसाद नाही’ असं लिहायचं ठरवलं. बातमीदारीत इतकी वर्षं काढल्यावर हे दोन शब्द मला सहन होत नाहीत. प्रतिसाद होता. तो नकार होता आणि त्यामागं एक कबर होती. पण हे लिहायला त्यांच्याकडं रकाना नव्हता.

दर्ग्याच्या चौखटीशी नसीमनं डोकं टेकवलं. मी मागं उभी राहिले. मी फारशी नमाजी नाही, आणि मागायला गेले की माझी जीभ अडते. त्या दिवशी मी मागितलं नाही, भांडले. मनातल्या मनात पिराला म्हणाले, ही लेकरं तुमच्या दारात वाढतात. त्यांच्या आया तुमच्याशिवाय कुणावर भरवसा ठेवत नाहीत. मग तुम्हीच काय ते बघा. माझं मशीन हरलं. पण हे बरोबर झालं असं मी म्हणणार नाही, तुमच्यासमोर तर मुळीच नाही. एवढं बोलून मी अंगणातल्या लिंबाखाली येऊन बसले.

त्या लिंबाला पिराचा तराजू टांगलेला असतो. नवस पुरा झाला की मुलाला एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्यात गूळ ठेवायचा आणि तेवढा गूळ पिराला वाहून लोकांत वाटायचा. आमचेही लोक करतात, हिंदूही करतात. तिथं एक म्हातारी नातवाला घेऊन आली होती. सास्तूरची, शेतकरी घरातली. लेकाच्या जीपमधून तिनं दोन पोती भरून गुळाच्या भेल्या आणल्या होत्या. पोराला पारड्यात बसवलं, समोर भेल्या चढल्या, दांडी सरळ झाली. तो ढीग दर्गा सांभाळणाऱ्या मुजावर चाचांनी चौखटीपाशी कापडावर रचला. एक पोतं जवळजवळ तसंच राहिलं.

“आज्जी, लई आनला की गूळ,” चाचा म्हणाले. “नातू हाय का हत्ती?”

“जास्त झाला तर चालतंय. कमी पडला असता तर तुमच्या पिरानं जलमभर बोलून दाखिवलं असतं.” म्हातारीनं पोतं ओढलं. “पर आता ह्यो घरी न्हेता येत न्हाय. नवसाचा हाय.” तिनं इकडंतिकडं पाहिलं. नसीम सनाला घेऊन पायऱ्या उतरत होती. “ए लेकी, पोरगी केवढ्याची?”

“गेल्याच्या गेल्या शिमग्यातली, आज्जी.”

“आता गं! आमचा बी शिमग्यातलाच. बसव की तिला.”

“आमचा नवस अजून फिटायचाय.”

“मंग माझ्या गुळावर आदी बसव, नवस मागनं फेड. पिराला काय घाई हाय?”

नसीम माझ्याकडं न पाहता पुढं झाली. पिराच्या तराजूत मूल बसतं तेव्हा ते मोजलं जात नाही, सोपवलं जातं. तिथं नजरेचं भय नसतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि तरी कधी सुचलं नव्हतं.

म्हातारीनं नातवाच्या अंदाजानं भेल्या ठेवल्या. सनाचं पारडं झपकन वर गेलं. सना खदखदून हसली. म्हातारीही हसली आणि एक भेली काढली. दांडी हलली नाही. आणखी एक काढली. मग आणखी. काढता काढता तिचं हसू थांबलं. दांडी सरळ झाली तेव्हा चौखटीपाशी एक ढीग होता आणि पारड्यात एक. दोन्ही लेकरं एकाच शिमग्यातली. चाचांनी सनाचा ढीग उचलून पहिल्याशेजारी रचला.

नसीमनं ते दोन्ही ढीग पाहिले. घरात आम्ही दखनी बोलतो, पण ती मराठीत बोलली, सगळ्यांना कळेल असं.

“आपा, तुमचं मशीन कुठंय?”

“गाडीवर.”

“आना. गुळाला नजर लागत न्हाय. गूळ मोजा.”

चाचा चिडले. “पिराचा काटा खोटा वाटला व्हय तुला?”

“काटा खराय, चाचा. म्हनून तर लिवायचं. ह्याचं बोलनं तालुक्याला ऐकू जात न्हाय.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “कमी भरलं तर कमी लिवा. पर लिवा.”

मी मशीन आणलं. आधी सनाचा गूळ ठेवला, मग कुणी न सांगताच म्हातारीनं नातवाचाही ठेवायला लावला. आकडे मी इथं देत नाही. ते ज्यांना सांगायचे होते त्यांना मी तिथूनच फोनवर सांगितले.

डॉक्टरबाई आधी म्हणाल्या, असं वजन आमच्या पद्धतीत बसत नाही. मी म्हणाले, मग पद्धतीला बसायला जागा करायला सांगा, आमची लेकरं इथंच बसणार. पण पुढच्या जुमेरातीला त्या स्वतः आल्या, तराजूच्या दोन्ही पारड्यांत प्रमाणित वजनं ठेवून तो तपासला, आणि मग चप्पल काढून लिंबाखाली मांडी घातली. वस्तीतल्या बाया तोवर लेकरं घेऊन रांगेत उभ्या होत्या. वस्ती बाद झाली नाही. पथक येऊ लागलं. सनाच्या अंगात रक्त कमी होतं, पोटात जंत होते. औषधं सुरू झाली.

त्या म्हातारीची पुन्हा गाठ पडली नाही. तिचा नातू, तिचा जास्तीचा गूळ, माझ्या गाडीवरचं मशीन हे सगळं एकाच दुपारी एका झाडाखाली यावं, याला बातमीत मी योगायोग म्हटलं असतं. इथं मी काहीच म्हणत नाही, फक्त शुक्र मानते. सोपवणं म्हणजे मान खाली घालणं, असं मी समजत होते. नसीमनं लेकरू सोपवलं आणि त्याच घडीला मान वर केली.

यंदा नसीमनं नवस फेडला. सनाचा ढीग वाढलाय, पण त्या पोराच्या ढिगाएवढा अजून नाही, आणि तेवढा होईपर्यंत आम्ही गप्प बसणार नाही. गूळ तिनं मुद्दाम जास्त आणला होता. उरलेलं पोतं घेऊन ती लिंबाखाली बसली आणि फाटकातून आत येणाऱ्या पहिल्याच बाईला तिनं हाक मारली, “केवढ्याचं हाय लेकरू? बसव की.”