ओव्हाळांच्या फियाटमधला भाडेकरू

आमच्या अंबरनाथच्या मोरिवलीच्या बाजूला माझे शेजारी जयदेव ओव्हाळ यांच्याइतका कडक माणूस नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगते, आणि पाठीमागे तर रोजच सांगते. कारखान्यात ते टाइमकीपर. दिवसभर गेटवर बसायचं आणि कोण आत आला, कोण बाहेर गेला ते बघायचं. उशिरा आलेल्या कामगाराकडे असं बघायचे की त्या बिचाऱ्याला वाटावं, आपण जन्मालाच उशिरा आलो. "वहिनी, माझ्या नजरेतून मुंगी आत जात नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य.

मुंगीचं मला माहीत नाही. उंदराचं सांगते.

एक्याण्णव साली जयदेव भावजींनी उल्हासनगरहून जुनी फियाट आणली. आमच्या गल्लीतली पहिली मोटार. विकणारा सिंधी शेठ किल्ली हातात देताना म्हणाला, "साईं, ये गाडी नहीं, घर की बेटी है. संभाल के रखना." भावजींनी ते फार मनावर घेतलं. जुन्या काळचे बाप मुलीला सांभाळायचे तशी त्यांनी गाडी सांभाळली. म्हणजे घराबाहेर पाठवलीच नाही.

घराच्या कडेला पत्र्याची शेड बांधली. सरस्वतीने, म्हणजे भावजींच्या मंडळींनी, जुनी लुगडी जोडून गाडीच्या मापाची गोधडी शिवली. तिच्यावर ताडपत्री. अंबरनाथमध्ये निम्मी माणसं दहा बाय दहाच्या खोलीत पाय आखडून झोपत होती आणि ओव्हाळांची फियाट गोधडी पांघरून लोळत होती. रविवारी पांघरूण काढायचं, काचा पुसायच्या, इंजिन सुरू करून घुर्रघुर्र ऐकायचं आणि पुन्हा पांघरूण घालायचं.

"भावजी, शिवमंदिरापर्यंत तरी एक चक्कर मारून आणा," मी म्हणायची.

"टायर झिजतात, वहिनी."

आता थट्टा जरा बाजूला ठेवते. गाडी घेण्यामागचं कारण थट्टेचं नव्हतं. भावजींची आई, भागीरथीआजी, लग्न होऊन सासरी निघाली तेव्हा गावाच्या वेशीपाशी तिला बैलगाडीतून उतरायला लावलं होतं. तुमच्या जातीच्या नवरीने गावातून गाडीत बसून जायचं नाही, म्हणाले. हळदीच्या अंगाने पोर चालत गेली. आजी हे रडून सांगायची नाही. भाकरी थापता थापता, कुणाची तरी हकिगत असावी तसं सांगायची. पण भावजींनी ते लहानपणापासून ऐकलेलं. त्यांनी ठरवलं होतं, माझी अंजनी सासरी जाईल ती बापाच्या गाडीतून, आणि गाव बघेल अशी जाईल.

अंजनीचं बदलापूर गावात, किसनरावांच्या मुलाशी जमलं. बोलणीत किसनराव म्हणाले, "नवरीसाठी आम्ही टॅक्सी सांगितलीय." भावजी ताठ झाले. "टॅक्सी रद्द करा. गाडी आमची." किसनरावांनी रद्द केली. झालं, आता माघार नाही.

आणि लग्नाला महिना असताना फियाट घुर्रेना.

बॉनेट उघडलं. आत वायरींच्या शेवया झाल्या होत्या आणि इंजिनाच्या कुशीत एक छान गोल घरटं. कापूस, सुतळी आणि हिरव्या कापडाच्या चिंध्या. सरस्वती वाकून बघते तर काय, "अगं बाई, माझं साखरपुड्याचं लुगडं!" गोधडीचा आतला थर हळूहळू बॉनेटखाली स्थलांतरित झाला होता.

"पण हा शिरला कुठून?" भावजी म्हणाले.

मी म्हटलं, "गेटवर टाइमकीपर नव्हता ना, भावजी."

त्यांनी बॉनेट धाडकन आपटलं.

मेकॅनिकने वायरी जोडून दिल्या आणि साधा उपाय सांगितला, औषध घाला. भावजींनी कानाला हात लावला. "आम्ही रोज पंचशील म्हणतो. जीव घ्यायचा नाही." मग सुरू झाले अहिंसक उपाय. बॉनेटमध्ये डांबरगोळ्या ओतल्या. टायरभोवती तंबाखूची पानं पसरली. एक मांजर आणून बांधलं, तर त्याने सरस्वतीचे वाळत घातलेले बोंबील खाल्ले आणि मागच्या सीटवर पिल्लं घातली. तेव्हा कळलं ते मांजर नसून मांजरी आहे. शेवटी पिंजरा आणला. आत चपातीचा तुकडा अडकवला, आणि उंदीर सापडला!

भावजींनी त्याला पाहुण्यासारखा उचलला आणि नाल्याकडे नेऊन सोडला. आता तो नाला बरोबर विष्णुपंतांच्या स्वयंपाकघरामागे. विष्णुपंत म्हणजे आमचे पोस्टातून रिटायर झालेले शेजारी, पक्के गणेशभक्त. त्यांच्याकडेही पिंजरा होता. दोन दिवसांत तेही उंदीर घेऊन निघाले. "बाप्पाचं वाहन. मारू कसा?" असं म्हणत त्यांनी तो कुंपणापाशी सोडला. कुंपणापलीकडे ओव्हाळांची शेड.

असं आठवडाभर चाललं. भावजी म्हणायचे, उंदरांची फौज आहे. विष्णुपंत म्हणायचे, नगरपालिका झोपलीय. मला वेगळाच संशय. भावजींच्या पिंजऱ्यातून शेपूट बाहेर लोंबत होतं, तेव्हा मी माझ्या मुलीचं लाल नेलपॉलिश आणून हळूच त्या शेपटावर ब्रश फिरवला.

दोन दिवसांनी विष्णुपंतांच्या पिंजऱ्यात लाल शेपूट.

मी दोघांना शेडपाशी बोलावलं आणि फौज दाखवली. एकटीच बसली होती, मिश्या पुसत.

विष्णुपंत म्हणाले, "म्हणजे हा तुमचा."

"माझा कसा? तुमच्या बाप्पाचा."

"राहतो कुणाच्या गाडीत?"

"जेवतो कुणाच्या घरी?"

मी म्हटलं, "अहो, भाडेकरू आहे तो. राहायला इथे, जेवायला तिथे. निघायचं नाव घेणार नाही."

मग दोघं त्याला लांब कुठे सोडायचं यावर बसले. भावजी म्हणाले, शिवमंदिराकडे. विष्णुपंत म्हणाले, "देवळात नको, प्रसादाला तोंड लावेल. उल्हासनगरला सोडा." भावजी म्हणाले, "सिंधी लोकांनी काय पाप केलंय?" वाद रंगला, पिंजरा हातातून हातात गेला, दार सैल झालं आणि भाडेकरू टुणकन उडी मारून सगळ्यांसमोर फियाटखाली गेला.

त्यानंतर भावजींनी घरात हुकूम काढला. गाडीच्या आसपास खाण्याची वस्तू दिसता कामा नये. कुणी शेंगदाणासुद्धा चघळायचा नाही. सरस्वती म्हणाली, "तुम्ही पुढचं बघा, मागचं मी पुसत जाईन." मला वाटलं, शहाणी बायको.

लग्न विहारात छान झालं. वंदना झाली, जेवणं झाली. निघायची वेळ आली तशी भावजींनी हारांनी सजवलेल्या फियाटची किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. भावजींनी डोळे मिटून घेतले.

पुढे भागीरथीआजी, मागे नवरा-नवरी आणि पाठराखीण म्हणून मी. डांबरगोळ्यांच्या वासाने नवरदेव शिंकतोय आणि अंजनी रडायची विसरून नाकाला पदर लावतेय. पाहुणे मागून टेम्पोत. पहिल्या वळणावर भावजींनी ब्रेक दाबला आणि हॉर्न वाजला. पुन्हा ब्रेक, पुन्हा हॉर्न. भाडेकरूने नव्या वायरींवरही मेहनत घेतली होती. कुठली वायर कुठे चिकटली होती देव जाणे, पण पाय ब्रेकवर गेला की पोंऽऽ!

हमरस्त्यावर ठीक होतं. बदलापूर गावातल्या गल्लीत शिरलो आणि मजा झाली. अरुंद रस्ता. समोर म्हैस, ब्रेक, पोंऽऽ. कोंबड्या, पोंऽऽ. सायकलवाला, पोंऽऽ पोंऽऽ. माणसं जेवती ताटं सोडून ओट्यावर आली. बायका दारात, पोरं खिडकीत. लाजेने भावजींचे कान लाल झाले. "लोक म्हणतील, किती मिजास!" असं पुटपुटत त्यांनी गाडी कडेला घ्यायला सुरुवात केली.

आजी इतका वेळ काचेतून दोन्ही बाजूंची माणसं बघत होती. ती म्हणाली, "जयद्या, थांबू नको. वाजीव अजून."

भावजींनी आईकडे बघितलं. मग समोर ना म्हैस ना कोंबडी, तरी किसनरावांच्या दारापर्यंत त्यांनी ब्रेकवर पाय मारला. अख्ख्या गावाने बघितलं.

दारात टेम्पो आला. सरस्वती उतरली आणि म्हणाली, "डिकी उघडा, रुखवत काढायचंय."

"रुखवत? डिकीत?"

"मग कुठे ठेवू? घरात उंदीर होते ना! पत्र्याची गाडी, म्हटलं सुरक्षित राहील. आठ दिवस झाले."

भावजींनी डिकी उघडली. बेसनाच्या लाडवांच्या टोपलीला भोक, आणि भोकातून लाल शेपूट. किसनरावांच्या घरच्या बायका नवरीला ओवाळायला ताट घेऊन उभ्या. त्यांच्या पायांमधून भाडेकरू सरळ घरात. नवरीच्या आधी त्याचा गृहप्रवेश झाला.

"लेकीबरोबर काय काय दिलंत, व्याही?" किसनराव म्हणाले. भावजी पहिल्यांदाच माझ्यासमोर मनापासून हसले.

तेव्हापासून फियाटमध्ये उंदीर नाही. डांबरगोळ्या नाहीत, मांजरी नाही. दर रविवारी भावजी लेकीला भेटायला बदलापूरला जातात. आजी पुढच्या सीटवर. धावत्या गाडीत कोण संसार मांडणार? हॉर्नची वायर मात्र दुरुस्त करायची नाही, असं आजीने बजावलंय.

एकच सांगायचं राहिलं. किसनरावांच्या घरीही रोज पंचशील म्हणतात आणि त्यांनीही पिंजरा घेतलाय. मागल्या रविवारी त्यांनी भावजींच्या डिकीत प्रेमाने नव्या तांदळाचं पोतं ठेवलं. पोत्याबरोबर आणखी काय ठेवलं ते भावजींना बोलले नाहीत.

सोमवारी सकाळी विष्णुपंत पिंजरा घेऊन माझ्या दारात. शेपटाचा लाल रंग थोडा उडालाय, पण अंगाने चांगला भरलाय.

"वहिनी," विष्णुपंत म्हणाले, "ओव्हाळांना सांगा, माहेरपणाला आलाय."