उशिरा येणाऱ्या विमानाचं तिकीट

सगळं जग वेळेवर सुटणारं विमान शोधतं. आमचे सोयरेसाहेब नेहमी उशिरा येणारं विमान शोधायचे आणि मुद्दाम त्याचंच तिकीट काढायचे. पुढचं विमान चुकलं की त्यांचा चेहरा खुलायचा. "आता समजते पाहुणे कसे आहेत ते," असं म्हणत ते काउंटरकडे निघायचे.

सोयरेसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. रामदासपेठेत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. त्या इमारतीत सगळे त्यांना याच नावाने ओळखत. मी मात्र सर म्हणायचो. आयुष्यभर विमान कंपनीत नोकरी करून ते नागपूरला परतले होते. परदेशी विमान कंपन्या एकमेकींशी हातमिळवणी करतात. तिकीट एकीचं असतं, पुढचा टप्पा दुसरीच्या विमानाने होतो आणि पहिल्या विमानतळावर दिलेली बॅग थेट शेवटच्या गावी मिळते. अशी जोडी जमण्याआधी समोरची कंपनी कशी आहे, हे पाहून सांगण्याचं काम सर करत. खालच्या औषधवाल्याने एकदा विचारलं, "साहेब, तुम्ही नेमकं करता काय?" सर म्हणाले, "सोयरिकी पाहतो." तेव्हापासून हे नाव पडलं.

मी कुही तालुक्यातला, घरातला पहिला पदवीधर. मुलाखतीसाठी इंग्रजी उत्तरं पाठ करून गेलो होतो. दुसऱ्याच प्रश्नाला अडकलो. सरांनी माझे कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "तुया घरी पाहुणा आला अन् त्याची बस चुकली, तर तुयी माय काय करते?"

"जेवायला वाढते. बाज टाकून देते."

"बस काहून चुकली, हे आधी विचारते काय?"

"नाही, सर."

"सोमवारपासून ये."

पहिल्या पगारानंतर माझे बाबा त्यांना भेटायला आले. दारातूनच हात जोडून "जयभीम, साहेब" म्हणाले. सर उठून उभे राहिले, "जयभीम, या" म्हणाले आणि त्यांना आपल्या खुर्चीत बसवून स्वतः माझ्या स्टुलावर बसले. बाबा संकोचाने अर्ध्याच खुर्चीवर टेकले होते. गावी गेल्यावर मात्र ती खुर्ची त्यांनी सगळ्यांना वर्णन करून सांगितली.

सर उमरेडच्या विणकरांच्या घरातले. घरचा माग कधीच मोडीत निघाला होता, पण समोरच्याच्या शर्टाची कड अंगठ्याखाली घासून पाहायची सवय सुटली नव्हती. माझाही शर्ट त्यांनी असाच तपासला होता. "धागा तुटतेच," ते सांगायचे, "आमचा बुढा जोड देऊन त्यावर डोळे मिटून बोट फिरवे. खरखर लागली की पुन्हा जोडा." कंपन्यांच्या बाबतीत त्यांना हेच पाहायचं असे. विमानं सगळ्यांचीच उडतात, म्हणायचे. प्रवासी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जातो, ती जागा बघायची.

माझा पहिला विमानप्रवास त्यांच्याबरोबरच झाला. युरोपातल्या एका मोठ्या कंपनीला पूर्व आफ्रिकेकडे जाण्यासाठी जोडीदार हवा होता. आमचं निम्मं ऑफिस तिच्याच कामावर चालायचं. दोन स्थळं होती. एक श्रीमंत, नवी कोरी विमानं आणि आरशासारख्या फरशा असलेलं. दुसरं लहान, जुन्या विमानांचं. बॅगेत सरांनी संत्रा बर्फीचे डबे घेतले होते. मला वाटलं, अधिकाऱ्यांसाठी असतील. "अधिकाऱ्याले कायले? जो आपल्याले सांभाळीन, त्याले."

श्रीमंतांकडे आमचं पुढचं विमान ठरल्याप्रमाणे चुकलं. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून आम्हाला तिथवर आणणाऱ्या कंपनीच्या काउंटरवर पाठवलं. तिथल्या मुलाने तितकंच गोड हसून परत पाठवलं. तो म्हणे, तुम्ही त्यांचे प्रवासी. ती म्हणे, तुम्ही त्यांचे. फिरून फिरून माझे नवे बूट चावायला लागले. सरांच्या बॅगेतला डबा काही बाहेर निघाला नाही.

लहान कंपनीकडेही विमान चुकलं. तिथे एक जाडजूड बाई बसल्या होत्या. समोरचा संगणक बंद पडला होता. आमची तिकिटं पाहून त्या म्हणाल्या, "आता तुम्ही आमचे." मग आम्हाला बसवून चहा मागवला, चार ठिकाणी फोन केले, कोणावर तरी ओरडल्या आणि दुपारी तिसऱ्याच कंपनीच्या विमानात आम्हाला जागा मिळवून दिली. सरांनी बर्फीचा अख्खा डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला. बाईंनी एक वडी तोंडात टाकली आणि डबा ड्रॉवरमध्ये लपवला.

दोन्ही काउंटरवर जे घडलं ते लिहून अहवाल गेला. आठवड्याने व्हिडिओवर मोठ्या कंपनीचे अधिकारी आले. त्यांचं श्रीमंत स्थळाशी आधीच जमलेलं होतं, हवा होता फक्त सरांचा होकार. त्यांनी सरांचं भरभरून कौतुक केलं आणि शेवटी म्हणाले, "दोनच ओळी तेवढ्या बदला."

सर आपल्या बाहीची कड अंगठ्याने घासत होते. म्हणाले, "ओळी बदलता येतील. काउंटर बदलणार नाही."

पडदा काळा झाल्यावर मला राहवलं नाही. "सर, काम जाईल."

"जाईन ना."

"मग?"

"मंग काय गा? पोरीसाठी पोरगं पाहाले गेलो, त्याची वागणूक बरी नाही हे डोयानं पाहिलं, अन् बंगला पाहून हो म्हणू काय?"

बोलले ठसक्यात, पण हातातला चहा तसाच निवून गेला होता. माझ्या पगारावर घरात तीन माणसं होती, हे त्यांना ठाऊक होतं. काम खरंच गेलं. ऑफिसला कुलूप लागण्याआधी त्यांनी ओळखीपाळखीत फोन करून मला एका प्रवासी कंपनीत लावून दिलं. स्वतःसाठी एकही फोन केल्याचं मला आठवत नाही.

पुढे सरांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या आणि सरांना विसर पडू लागला. घरचा पत्ता, नोटांचा हिशेब सगळं नीट, पण जुनं आणि आत्ताचं एकमेकांत मिसळायचं. मी गेलो की विचारायचे, "तो अहवाल गेला काय?" मी म्हणायचो, "केव्हाच गेला, सर." त्यांची लेक, आमची ताई, आफ्रिकेत असते. ती त्यांना न्यायला यायची होती, तेवढ्यात जिन्यावरून पडून तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. मला व्हिसा मिळेपर्यंत सरांच्या व्हिसाची मुदत संपणार होती. एकटंच जायचं ठरलं. "मी काय पार्सल हाओ?" म्हणून सरांनीच वाद मिटवला.

तिकीट मलाच काढायचं होतं. श्रीमंत कंपनीने गेले तर पाच तास वाचत होते. लहान कंपनीची आता आपल्याकडच्या एका कंपनीशी जोडी जमली होती, पण रस्ता लांबचा. मी दोन दिवस झोपलो नाही. सरांनी आयुष्यभर अनोळखी प्रवाशांसाठी जी जागा तपासली, तिथून आता त्यांनाच जायचं होतं, आणि अडकले तर भांडण्याइतकी शुद्ध राहीलच असं नव्हतं. शेवटी लहान कंपनीचंच काढलं.

विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसल्यावर त्यांनी माझ्या शर्टाची कड चाचपली. "अहवाल गेला काय?"

"गेला, सर."

"ओळी?"

"तशाच आहेत."

नागपूरचंच विमान उशिरा सुटलं. पुढचं चुकणार हे मला पार्किंगमध्येच कळलं. तिथून घरी जाईपर्यंत मी किती वेळा फोन पाहिला, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. "बाबा पोहोचले रे. विमान चुकलं होतं. पण दोन्ही कंपन्यांनी मला फोन केले, दोघीही म्हणे, काळजी करू नका, ते आमच्याकडे आहेत. एक मुलगी तर स्वतः शेजारी बसून राहिली, चहा पाजला, माझ्याशी बोलणं करून दिलं."

"आणि बॅग?"

"बॅग आली. बर्फीचा डबा मात्र नाही त्यात. विचारलं तर नुसते हसतात." मग ती म्हणाली, "आणि ऐक ना, सकाळपासून एकच लावलंय, त्याले फोन लाव, ओळी बदलू नको म्हणा. कसल्या ओळी रे?"

"फोन त्यांच्याकडे दे, ताई."

पलीकडे थोडा वेळ खुडबुड झाली. मग त्यांचा श्वास ऐकू आला.

मी म्हणालो, "नाही बदलत, सर."