पोर उपाशी नव्हतं

सदुसष्ट वर्षांत धर्माला मान खाली घालावी लागेल असं काही त्याच्या हातून झालं नव्हतं, निदान आळीला कळेल असं तरी नाही. खाडीकाठच्या त्या गावात त्याचं नाव सढळ हाताचा माणूस म्हणून. वाडीत केळीचा घड उतरला की पहिली फणी शेजारी जायची, वालाच्या शेंगा निम्म्या वाटण्यातच संपायच्या. बायको भागूबाई गेली तरी घराचा रिवाज तोच राहिला, दारात आलेला माणूस काहीतरी तोंडात घालूनच परत जायचा. अशा माणसाला खाली बघायची वेळ आली ती खायला घातल्यामुळे. ऐकायला विचित्र वाटेल, पण झालं तसंच.

नातवाचं नाव कृष्णा. हा पोरगा जन्मला तेव्हा कापसासारखा मऊ आणि निपचित. रडायचा नाही, आईच्या अंगावर दूध ओढायचा नाही. रचनाने, म्हणजे धर्माच्या सुनेने, तीन महिने वाटी-चमच्याने थेंब थेंब दूध पाजलं. धर्मा ओटीवर बसून आत कान लावायचा, आज किती प्यायला ते ऐकायला. गावदेवीपुढे जाऊन तो म्हणाला होता, ‘याला खाऊ दे बाय, बाकी मी बघतो.’ दोन वर्षांचा व्हायच्या आधीच पोरगा खायला लागला तेव्हा धर्माला काय वाटलं असेल ते सांगायला नको. त्याने आळीभर पेढे वाटले. एका पोराने वाटीभर मऊ भात संपवला म्हणून कोणी पेढे वाटतं का, पण याने वाटले.

आणि मग पोरगा थांबेचना. भात झाला की भाकरी, भाकरी झाली की पुन्हा भात. उठल्या उठल्या खाऊ, निजता निजता खाऊ. टोपलीतला कच्चा बटाटा चावायचा, पिठाच्या डब्यात हात घालायचा. आळी आधी हसली. नावच कृष्णा, मग खाणारच की, असं लूर्डस म्हणायची. लूर्डस शेजारीण, धर्माच्याच वयाची, बोलायला फटकळ आणि मनाने लोणी. पण अडीच वर्षांच्या पोराचं वजन एकवीस किलो झालं, चार पावलं चालला की धापा टाकायला लागला, तेव्हा हसणं कमी झालं.

रचना त्याला एव्हरशाईन सिटीतल्या एका मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाई म्हणाल्या, आधी वही घाला. दिवसभरात हा काय काय खातो, किती खातो, सगळं लिहा. आणि किती द्यायचं ते त्यांनी ठरवून दिलं. रचना मूळची चंदनसारची, एका शाळेत शिकवते, लिहायची सवयच. ती निगुतीने लिहायची: अर्धी वाटी भात, पाऊण वाटी वरण, काकडीचे चार काप. नवरा हरेश पहाटे कारखान्यात जायचा, रचना साडेसातला शाळेत. दुपारी ती येईपर्यंत पोर धर्माकडे. जाताना ती रोज विचारायची, “बाबा, काल मी गेल्यावर याने आणखी काही खाल्लं?”

“काय नाय,” धर्मा सांगायचा. “तू काढून दिलंस तेवढंच.”

आता खरं काय ते ऐका. रचना गेली की कृष्णा धर्माच्या गुडघ्याला मिठी मारून वर बघायचा आणि ‘आजा, खाऊ’ म्हणायचा. आधी हळू, मग रडत, मग जमिनीवर डोकं आपटत. त्या माणसाने देवीकडे ज्याच्या भुकेसाठी पदर पसरला, तेच पोर भूक भूक करतंय आणि हा हातात केळी घेऊन नाही म्हणणार? त्याच्याच्याने व्हायचं नाही. एक केळं द्यायचा. मग दुसरं. मग पोराला खांद्यावर घेऊन आळीत फेरी. लूर्डस चहात बुडवून पाव भरवायची. स्टॅनीच्या दुकानात खारी मिळायची. दुपारी धर्माच्या ताटातला भात, वर माशाचं कालवण. ज्याला त्याला वाटायचं, आपण एवढंसं तर दिलं. ती सगळी ‘एवढंसं’ पोराच्या पोटात एकत्र जायची, आणि हे फक्त धर्माला माहीत होतं.

दर महिन्याला वजनाचा काटा पुढे सरकायचा. डॉक्टरीणबाई वही बघायच्या, काटा बघायच्या, रचनाकडे बघायच्या. रचना घरी येऊन ताटातलं आणखी कमी करायची. पोर आणखी रडायचं. मग धर्मा आणखी द्यायचा. वर एकदा लूर्डसच्या ओटीवर बसून तो बोलून गेला, “शिकलेल्या बायांचं असंच. पुस्तकात बघून पोराला जेवाया घालतात. उपाशी ठेवते बिचाऱ्याला.” बोलला आणि विसरला. आळी विसरली नाही. रचना नळावर गेली की बाया गप्प व्हायच्या.

मग तो शनिवार आला. धर्माचा जेवणानंतर बाकावर डोळा लागला. पोर हळूच उतरून लूर्डसच्या अंगणात गेलं. तिथे कुत्र्यासाठी टोपात भात आणि माशाची मुंडकी कालवून ठेवलेली. रचना शाळेतून परत येत होती, तिने बघितलं ते असं: कुत्रा बाजूला उभा, आणि तिचं पोर मांडी घालून दोन्ही हातांनी त्या टोपातलं खातंय. तिने पिशवी टाकली आणि धावत जाऊन त्याच्या तोंडात बोट घातलं, काटा अडकला असेल म्हणून. पोराने आकांत केला. आळी गोळा झाली.

धर्मा जागा होऊन धावत आला. सगळे त्याच्याकडे बघत होते. पोर त्याच्या ताब्यात होतं, तो झोपला होता, हे कोणाच्याही ध्यानात येणार होतं. आणि कोणी काही बोलायच्या आत तो रचनावर कडाडला.

“माझ्या घरातलं पोर कुत्र्याच्या टोपातलं खातंय. का खातंय? घरात खायाला मिळत नाय म्हनून. लाज वाटत नाय तुला? आई हायेस का कोन?”

त्या दिवशी सकाळपासून पोराने तीन केळी, दोन पाव आणि धर्माच्या ताटातला अर्धा भात खाल्ला होता. शब्द तोंडातून बाहेर पडत असताना धर्माला ते तीन केळ्यांसकट आठवत होतं. तरी तो थांबला नाही. रचनाने पोराचं तोंड पदराने पुसलं, त्याला उचललं, पिशवी उचलली आणि आत गेली. उलट बोलली असती तर धर्माला बरं वाटलं असतं.

रविवारी त्याला जेवण गेलं नाही. हरेशने विचारलं, बरं नाही का. तो म्हणाला, पोट जड आहे. सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं, हरेशला सुट्टी नव्हती आणि रचनाला एकटीला पोर उचलून नेववत नव्हतं, म्हणून धर्मा सोबत गेला. रिक्षात तो पोराला मांडीवर घेऊन रस्त्याकडे तोंड करून बसला.

काट्यावर पावणेपंचवीस. बाईंनी वही उघडली, दोन पानं उलटली आणि बंद केली.

“रचना, हे असं नाही होत,” त्या म्हणाल्या. “एवढं खाऊन एवढं वजन वाढत नाही. मला रागवायचं नाहीये, पण खरं लिहिलं नाहीस तर मी याला औषध तरी काय देऊ?”

रचना टेबलाच्या कडेकडे बघत होती. “मी देते तेवढंच लिहिते, मॅडम,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणता जास्त देते. आमच्याकडे म्हणतात उपाशी ठेवते. मला आता कळतच नाही मी काय करते.”

ती हे रडत म्हणाली नाही, साधंच म्हणाली, आणि धर्माला बसवेना. काखेतली पिशवी त्याने खाली ठेवली.

“ती खरं लिवते,” तो म्हणाला. “मी देतो.”

बाईंनी मान वर केली. “काय देता, आजोबा?”

मग त्याने सांगितलं. सांगताना सवयीने आधी कमीच सांगितलं, एक केळं. मग थांबला आणि म्हणाला, “नाय. तीन. कवा चार.” पाव सांगितला, खारी सांगितली, आपल्या ताटातला भात सांगितला, दहा वाजताची गूळ-भाकरी सांगितली. बाई लिहीत होत्या. आपल्या तोंडून एवढं सगळं निघतंय हे ऐकून त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. वेगळं वेगळं दिलं तेव्हा ते कधी इतकं दिसलं नव्हतं.

“किती दिवस?”

“वही घातली तवापासून. आधीपन.”

बाईंनी पेन ठेवलं. “आजोबा, चार महिने मी या मुलीला खोटं बोलणारी समजत होते,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. धर्माला वाटलं, चढवला असता तर निदान त्यांच्याकडे बघता आलं असतं.

मग त्यांनी समजावलं. काही मुलांना पोट भरल्याचं कळतच नाही. जन्मतः दूध न ओढणारी, मऊ पडलेली मुलं मोठी होताना अशी होऊ शकतात. रक्त तपासायला पाठवू, तोवर नक्की काही बोलणार नाही. पण तसं असलं तर याला कितीही द्या, याची भूक तेवढीच राहणार. “म्हणजे तुम्ही दिलंत म्हणून त्याचं समाधान झालं, असं नाही होत,” त्या म्हणाल्या.

धर्माने विचारलं, “एकदापन नाय?”

“बहुतेक नाही.”

हे त्याला सगळ्यात जास्त लागलं. वाटायचं, आपण लपवतो, खोटं बोलतो, पण पोराला निदान थोडा वेळ बरं तरी वाटतं. पोराचं पोट एकदाही भरलं नव्हतं, आणि त्यासाठी सुनेची मात्र आळीत नाचक्की झाली होती.

रिक्षा आळीच्या तोंडाशी थांबली. लूर्डस ओटीवर तांदूळ निवडत होती. शेजारी आणखी दोघी. “काय म्हनाली डॉक्टरीन?” तिने विचारलं, आणि पोराकडे बघून सुपाशेजारचा डबा उघडायला लागली. रचना न थांबता पुढे निघाली.

“थांब बाय,” धर्मा म्हणाला. रचना थांबली, पण वळली नाही.

“लूर्डस, डबा मिट,” तो म्हणाला. “याला आता कोनी काय द्याचं नाय. आनि परवा मी हितं उभा राहून हिला बोललो ते खोटं होतं. पोर उपाशी नव्हतं. सकाळपासून मीच चारत होतो. ही विचारायची तवा मी नाय म्हनायचो.”

लूर्डसने डबा मिटला. एरवी तिच्या तोंडाला खळ नसतो, पण आता ती सुपातले खडे बघत राहिली. दोघींपैकी एकीने पदर सारखा केला. कोणी ‘जाऊ दे’ म्हणालं नाही. धर्माला वाटत होतं, कोणीतरी म्हणेल.

घरात आल्यावर रचनाने पोराचे पाय धुतले. मग पाठमोरीच म्हणाली, “बाबा, मला संशय होता. त्याच्या सदऱ्याला केळ्याचा चीक असायचा. माशाचा वास यायचा तोंडाला.”

“मग बोलली का नायस?”

“तुम्हाला खोटं कसं पाडणार? म्हटलं, तुम्ही देताच आहात, तर मी संध्याकाळचं कमी करते. म्हणून मी कमी करायचे.” तिने टॉवेल पिळला, पुन्हा पिळला. “मॅडमना सांगायला हवं होतं. पोर माझं आहे. तुमचा मान राखत बसले.”

धर्माला आता हिशेब दिसला. ती कमी करते म्हणून तो देत होता, तो देतो म्हणून ती कमी करत होती, आणि मधल्या मधे पोर दिवसा फुगत होतं आणि संध्याकाळी रडत होतं. चार महिने एका घरात राहून दोघांनी एकमेकांना हे विचारलं नव्हतं.

दुपारी रचनाने ठरल्याप्रमाणे वाढलं, वहीत लिहिलं, ताट उचललं. कृष्णाने रिकाम्या जमिनीकडे बघितलं आणि तो उठला. आईकडे गेला नाही. सरळ आजाकडे आला, त्याच्या गुडघ्याला मिठी मारली आणि वर बघितलं.

“आजा, खाऊ.”

“नाय,” धर्मा म्हणाला.

पोराला ते कळलं नाही. त्याने हसून पुन्हा मागितलं. आजा चेष्टा करतोय असंच त्याला वाटलं असणार, कारण आजाने आजवर हा शब्द त्याच्याजवळ वापरला नव्हता. मग त्याने बंडी ओढली, मुठी उघडून बघितल्या, एक एक बोट सरळ करून. काही नाही म्हटल्यावर त्याने धर्माच्या तोंडावर चापट मारली आणि जमिनीवर अंग टाकून दिलं. रचना पुढे आली.

“र्‍हाऊ दे माझ्याकडं,” धर्मा म्हणाला. “सवय मी लावली.”

तासभर पोर ओरडत होतं. बाहेर सगळ्या आळीला ऐकू जात होतं, आणि आज कोणी विचारायला आलं नाही. शेवटी ते धर्माच्या खांद्यावर रडून रडून झोपलं. डोळे मिटलेले, गाल ओले, आणि जबडा मात्र घास चावल्यासारखा हलत होता. धर्माने एकदा बघितलं, मग त्याला बघवेना, म्हणून तो भिंतीकडे तोंड करून पोराला थोपटत बसला.